जास्त झालेली पपई

"तुमची कोंबडी माझ्या शर्टात शिरलीय."

दार उघडताच तो हे म्हणाला. हातात हँगरला लावलेला पांढरा शर्ट... आणि चेहरा असा, की भांडायला आलाय की हसवायला, ते कळेना. वरच्या मजल्यावर नुकताच राहायला आलेला. जिन्यात एकदा दिसला होता, तेव्हा पिशवी सावरण्याच्या नादात तिने नीट पाहिलं नव्हतं. आता पाहिलं.

"सॉरी हं. गॅलरीत शेगडी पेटवलीय. धूर वर जाईल हे लक्षातच आलं नाही."

"धूर वरच जातो. त्याला दुसरं काही येत नाही. उद्या मुलाखत आहे माझी. साहेब विचारतील, कामाला आलात की जेवायला?"

ती हसली. तिचं तिलाच नवल वाटलं.

तिच्या खांद्यावरून तो गॅलरीकडे बघत होता. "अहो, ज्वाळेवर काय ठेवलंय ते! बाहेरून कोळसा होईल आणि आतून कच्चंच राहील. निखाऱ्यांवर पांढरी राख चढू द्या आधी."

"आचारी आहात का?"

"बॉयलर चालवायचो. गिरणी बंद पडली. आग तेवढी कळते."

शर्ट खुर्चीवर टाकून तो शेगडीपाशी बसला. कोंबडीच्या तंगड्या उतरवल्या, निखारे पसरले, जाळी वर घेतली. मग आतून खोकल्याचा आवाज आला, आणि ती धावली.

आत चाकांच्या खुर्चीत तिचे वडील होते. अर्धांगवायूने उजवी बाजू नेली आणि बोलणंही. पगाराच्या दिवशी हॉटेलातून तंदुरी चिकन बांधून आणणारा माणूस आता चमच्याने मऊ भात गिळत होता. सकाळी ती रक्ततपासणीच्या लॅबमध्ये जाई, तेवढ्यापुरत्या एक मावशी येत. बाकी सगळा वेळ ती आणि बाबा. त्यांना एकदा तरी ती चव मिळावी, म्हणून हा खटाटोप होता.

चिकन उत्तम भाजलं गेलं. तिने त्याचे केसासारखे धागे काढून भरवले. बाबांना ठसका लागला. घास बाहेर आला. त्यांनी मान भिंतीकडे फिरवली.

तिने ताट उचललं, मोरीत नेलं आणि नळ सोडला. बराच वेळ सोडून ठेवला. तो गॅलरीत निखारे विझवत होता. पाण्याखालचं रडणं ऐकू येतं, हे तिला ठाऊक नव्हतं.

पुढच्या रविवारी तो स्वतःच पातेलं घेऊन आला.

"मुलाखतीचं काय झालं?"

"कळवतो म्हणाले. शर्ट हुंगून बसले असतील." त्याने झाकण काढलं. "मीठ, लिंबू, तिखट आधी चोळलं. मग बांधलेलं दही, आलं-लसूण. आणि मऊ व्हावं म्हणून कच्ची पपई. वाटीभर. कालपासून लावून ठेवलंय."

"वाटीभर? अहो, दोन चमचे पुरतात! तेही तासाभरासाठी."

तिने तंगडी उचलली. हाड हातात आलं, मांस पातेल्यातच राहिलं.

"लगदा केलात की हो!"

तो कानापर्यंत लाल झाला. "पपई घाला, एवढंच ऐकलं होतं. किती, ते विचारायचं राहिलं."

जाळीवर तो लगदा टिकणारच नव्हता. तिने लोखंडी तवा निखाऱ्यांवर ठेवला, लोणी सोडलं, लगदा पसरून कडा करपू दिल्या. धुराचा वास मुरला. मग वाटी घेऊन ती आत गेली.

बाबांनी एक चमचा गिळला. थांबले. दुसरा गिळला. तिसऱ्यासाठी त्यांनी स्वतःहून तोंड उघडलं.

ती बाहेर आली आणि त्याच्या बाहीवर कपाळ टेकवलं... क्षणभरच.

त्यानंतर रविवार ठरून गेले. सोबत काय ठेवायचं, यावर भांडणं होत.

"कांदा आणि लिंबू. बस्स."

"आणि पुदिन्याची चटणी. बाबांसाठी दह्यात सैल करून. काकडीचं रायतं, गरम रोटी..."

"वरात जेवायला येणार आहे का?"

"आली तर तू वाढ."

तू. शब्द निसटून गेला होता. कांदा चिरता चिरता दोघांचेही हात थांबले. चकत्या थंड पाण्यात टाकताना त्याची बोटं तिच्या बोटांना लागली, आणि पाणी कुणीच ढवळलं नाही.

मग नोकरीचं पत्र आलं. लांबचं वीजकेंद्र. कायमची जागा, राहायला घर. सगळ्यात जवळचं हॉस्पिटल दिवसभराच्या रस्त्यावर.

"चल माझ्याबरोबर," निखाऱ्यांकडे बघत तो म्हणाला. "काकांनाही घेऊ. डॉक्टरांना विचारू—"

"विचारलंय मी."

त्याने वर पाहिलं. "कधी?"

"तू म्हणशील या आशेवर... आधीच." तिचा आवाज अगदी सरळ होता. "त्यांना प्रवास झेपणार नाही म्हणाले."

"मग नोकरी सोडतो."

"आणि करशील काय? वर्षभर वणवण केलीस. तुझी आई तुझ्या भावाकडे किती दिवस राहील? तूच म्हणतोस, वहिनी ताट आपटते."

"मग मी थांबतो. दोन वर्षं, पाच वर्षं... तू मोकळी होईपर्यंत—"

"नीट बोलून बघ. कशासाठी थांबशील?"

आतल्या खोलीत बाबा चमच्याने खुर्चीचा हात वाजवत होते. भूक लागली होती त्यांना.

"मला तसं म्हणायचं नव्हतं गं."

"माहीत आहे. पण रोज पहाटे मी त्यांचा श्वास चालतोय ना, ते बघते. तू तिकडे वाट बघायला लागलास, तर तो श्वास बघताना माझ्या मनात काय येईल?" तिने चटणी त्याच्याकडे सरकवली. "तू मला हवा आहेस. इतका, की मला माझीच भीती वाटते. म्हणून थांबू नकोस."

धूर दोघांच्या मधून वर जात राहिला. त्याने तव्यावरचं मऊ चिकन वाटीत काढलं, त्यावर चटणी घातली.

"आज मी भरवू त्यांना? एकदाच."

"नको. मग ते दर रविवारी दाराकडे बघत बसतील."

"आणि तू?"

तिने त्याच्या हातातून वाटी घेतली.

"मी दाराकडे पाठ करून बसेन," ती म्हणाली, आणि आत गेली.