डाव्या कप्प्यातली गाठ

"डॉक्टर, लवकर या! हृदयात गाठ दिसतेय!"

नर्सने हाक मारली. डॉक्टरबाई धावतच अतिदक्षता विभागात पोचल्या.

खाटेवरची तरुणी शाळेत गाणं शिकवायची. एका तापाने तिचं हृदय पार थकवलं होतं. मशीन तिचं रक्त बाहेर ओढून, त्यात प्राणवायू भरून परत अंगात सोडत होतं. हृदय जेमतेम थरथरत होतं. पडद्यावर डाव्या कप्प्यात रक्त धुरासारखं घोळत होतं आणि तळाशी गाठ बसली होती.

"रक्त पातळ करायचं औषध?"

"चालू आहे. दोनदा वाढवलं, तरी रक्त घट्टच."

"औषधच बनावट असेल तर?"

"शेजारच्या पेशंटला त्याच खोक्यातलं देतोय. त्याचं रक्त पातळ आहे."

"औषध ढकलणारा पंप?"

"ठीक आहे. सिरिंज वेळेवर रिकामी होते."

म्हणजे औषध पंपातून निघत होतं. मग जात कुठे होतं?

"नाकातून रक्त यायचं ना हिच्या?"

"परवापासून एकदम थांबलंय."

नर्सने काचेबाहेर उभ्या असलेल्या तरुणीच्या नवऱ्याकडे डोळ्यांनी खुणावलं. "कालच म्हणाले, हिचे हाल बघवत नाहीत, मशीन काढून टाका."

"ते आत येतात?"

"छे! नळ्या बघून घेरी येते त्यांना. उशाशी दिवसभर हिची आईच. मानेजवळचा टॉवेलही आम्हाला बदलू देत नाहीत."

डॉक्टरबाईंनी टॉवेल उचलला. चिंब ओला होता, पण रक्ताचा ठिपकाही नव्हता.

"घाम आलाय हो तिला," आई घाईने म्हणाली.

डॉक्टरबाईंनी मुलीच्या कपाळाला, मानेला हात लावला. अंग कोरडं ठणठणीत होतं. त्यांनी बोटांनी पंपातून मानेत जाणारी औषधाची नळी चाचपली. सांधा सैल होता. त्याच्या पुढे नळी दाबून बंद करणारी चिमटी लावलेली होती.

"मावशी, हा घाम नाही. औषध आहे. औषध खरं, पंप चालू, तरी रक्त घट्ट. म्हणजे ते वाटेतच गळत होतं. जावई आत येत नाहीत आणि टॉवेलला तुमच्याशिवाय कुणी शिवत नाही. नाकातलं रक्त बघून घाबरलात आणि सांधा सैल केलात ना?"

आईने मुलीचा हात धरला. "औषधानेच रक्त येतंय म्हणालात तुम्ही. माझ्या डोळ्यांदेखत पोर रिकामी होत होती... रक्त थांबलं, मला वाटलं वाचली."

"ते नाकात थांबलं आणि हृदयात साचलं."

"मी मारलं का तिला?"

डॉक्टरबाईंनी सांधा, चिमटी, नळी सगळं बदलून घेतलं आणि सर्जनला फोन लावला.

संध्याकाळी छाती उघडून गाठ काढली. मुलगी जिवंत होती. हृदय पुन्हा चालेल की नाही, हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

बाहेरच्या बाकावर मुलीची आई एकटीच बसली होती. जावयाला डॉक्टरबाईंनी सगळं सांगितलं होतं. तो तिच्याजवळ आला.

"आई, आत चला. मला एकट्याला नाही जमणार."

त्याने तिचे दोन्ही हात घट्ट धरले. काचेच्या दारातून आत गेल्यावरही सोडले नाहीत.