पल्याडचा कुकारो

संध्याकाळचं मला टाईप करणं बरं पडतं. फोन करायचा असेल तर सकाळी करा, हे मी सगळ्या पाहुण्यांना आधीच सांगून ठेवतो.

मी चंदन. कसालवरून आत, डोंगराच्या पायथ्याला आमची वाडी. शिक्षण बारावी, बाकीचं यूट्यूबवर आणि पायांनी शिकलो. तारकर्लीला समुद्र बघून कंटाळलेल्या लोकांना मी डोंगरात फिरवतो. वाट अवघड नाही. आधी काजूच्या बागा, मग दाट रान, मग उतरून व्हाळ ओलांडायचा. व्हाळ म्हणजे ओढा, उन्हाळ्यात घोट्याएवढं पाणी. मग समोरच्या डोंगरावर चढून कातळावर बसायचं, खालचं सगळं खोरं बघायचं आणि परत. थोडा घाम येतो, फोटो चांगले येतात.

या वाटेवर, व्हाळाच्या अलीकडच्या डोंगरात माझ्या काशीकाकांचा मांगर आहे. मांगर म्हणजे बागेतलं राखणीचं घर. चिऱ्याच्या भिंती, वर नळ्यांची कौलं, पुढे अंगणासारखं सारवलेलं खळं. काजूच्या हंगामात माणसं मांगरात राहायला येतात आणि पावसाआधी खाली उतरतात. काकांनी उतरणंच सोडलं होतं. काकी गेली, मुलगी नम्रता लग्न होऊन कुडाळला गेली. माझे बाबा मी लहान असताना वारले, मला काकांनीच वाढवलं. त्यामुळे त्यांना काही बोलायचा हक्क आम्हा दोघांनाच, आणि ते दोघांचंही ऐकत नसत.

समोरच्या डोंगरावर शिवाची बाग. शिवा काकांचा लहानपणापासूनचा दोस्त. दोघे रोज तिन्हीसांजेला एकमेकांना कुकारो घालायचे, म्हणजे हात तोंडाशी धरून लांब हाक. काकांचे दोन आखूड, शिवाचा एक लांब. त्यात निरोप वगैरे काही नसायचा. मी आहे, तू आहेस ना, एवढंच.

शिवा दोन पावसाळ्यांपूर्वी गेला. मुलगे मुंबईत, मांगराला कुलूप.

यंदा हंगामाच्या सुरुवातीला काका खळ्यात कोसळले. मी आणि वाडीतली माणसं डोलीत घालून त्यांना खाली घेऊन आलो. कुडाळच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, हृदयाच्या नळ्या तुंबल्यात, गोव्याला नेऊन ऑपरेशन करा, डोंगरात एकटं ठेवू नका. दुसरा झटका आला तर खाली आणेपर्यंत काही उरणार नाही. काकांनी सगळं ऐकून घेतलं, गोळ्या खिशात टाकल्या आणि मी चहा आणायला गेलो तेवढ्यात कसालची एसटी धरून परत डोंगरात.

मी मागोमाग गेलो. ते खळ्यात बसून काजूचे बोंडू पिळत होते.

"काका, चला खाली."

"मी येवचंय नाय."

"नम्रता रडता थंय."

"रडूंदे. लग्नात पण रडलेली, मगे हसतच गेली." माझ्याकडे न बघताच म्हणाले, "आणि तुझे ते टूरिस्ट. मागे एक बाई माका विचारी, वायफाय आसा? मी म्हटलंय, वाय आसा, फाय गोठ्यात बांधलेला आसा."

मी हसलो नाही. तेव्हा त्यांनी हात पुसले.

"चंदन, मी खाली गेलंय तर शिवाक साद कोण देतलो?"

"शिवा गेलो, काका. तेच्या तेराव्याक तुमीच वाढलात."

"ता माका म्हायत आसा. मी काय येडो? पण साद येता. मी नाय घातलंय तर तो वाट बघीत रवतलो."

त्या दिवशी मी मुद्दाम थांबलो. ऊन कातळावरून वर सरकत गेलं आणि खोरं निळसर झालं. काकांनी हात तोंडाशी धरून दोन आखूड कुकारे घातले.

समोरून एक लांब आला.

शिवा गेल्यावर मी पहिल्यांदाच ऐकत होतो. मनात म्हटलं, इको. उठून मीही ओरडून बघितलं. माझा आवाज लगेच परत आला, बारीक, तुटका, माझ्याच मापाचा. काकांना आलेला तसा नव्हता. तो उशिरा आला होता. कुणीतरी हातातलं काम खाली ठेवून मग द्यावा, तसा.

मग म्हटलं, डोंगरापलीकडे कुणीतरी राखणीला असेल.

"तुमची खात्री आसा ना," मी म्हणालो, "मगे उद्या मी थंय जावन बसतंय. थंय कोण नसलो आणि साद पण नाय इली, तर तुमी माझ्यावांगडा खाली यायचा. मान्य?"

काकांनी एकदा समोर बघितलं. "मान्य," म्हणाले. "पण तू थंय आवाज करू नको. तो लाजता."

दुसऱ्या दिवशी दुपारी निघालो. वाट माझ्या पायाखालची, पण शिवाच्या बागेत मी पाहुण्यांना कधी नेत नाही. कातळावर जाणारी वाट तिच्या कुंपणाबाहेरून वर जाते. व्हाळ ओलांडला, चढलो. कुंपणाचा आडवा बांबू सरकवून आत शिरलो आणि बोंडवांचा आंबूस वास नाकात बसला. दोन हंगाम कुणी काजू गोळा केली नव्हती. बिया तशाच पडून, काही रुजलेल्या.

पण पातेरो ओढलेला होता.

काजूखालचा सुका पाला, तो पातेरो. बी दिसावी म्हणून राखणदार तो ओढून बुंध्याशी ढीग करतात. इथे प्रत्येक झाडाखाली तो नीट ओढलेला. बिया मात्र कुणी उचललेल्या नाहीत. वारा असेल, असं स्वतःला सांगितलं. वारा असा गोल ढीग करत नाही, हे मला माहीत होतं.

मांगराचं कुलूप गंजलेलं. कौलं सरकलेली. कडीवर कोळ्याचं जाळं, अख्खं. म्हणजे आत कुणी नाही. मला बरं वाटलं. सगळीकडे फिरलो, वरच्या अंगालाही जाऊन बघितलं. माणूस नाही, गुरंढोरं नाहीत.

मांगरासमोर एक सपाट दगड आहे, शिवा त्यावर उभा राहायचा. दगडावर दोन पावलांएवढी जागा गुळगुळीत झालेली. मी तिथेच उभा राहिलो, कारण समोरचा काकांचा मांगर फक्त तिथूनच दिसतो. फोनवर रेकॉर्डिंग चालू केलं.

ऊन सरकलं. खोरं निळसर झालं. समोर खळ्यात एक पांढरा ठिपका आला. काकांची बंडी.

दोन आखूड कुकारे आले.

मी ऐकत राहिलो. काहीच नाही. कुठूनच नाही.

जिंकलो, मनात म्हटलं. काका वाचले.

परत दोन कुकारे. आता थोडे घाईचे.

आपण कुकारो घालतो तेव्हा तो कसा ऐकू येतो, ते मला ठाऊक होतं. ज्याच्यासाठी घालतात त्याला तो कसा ऐकू येत असेल, याचा कधी विचार केला नव्हता. ओ द्यावी असं वाटलं. इतकं वाटलं, की मी हाताने तोंड दाबून धरलं.

तिसऱ्यांदा काकांचा आवाज फाटला.

मी तोंड सोडलं नाही.

समोरचा पांढरा ठिपका थोडा वेळ तसाच उभा राहिला. मग सावकाश वळून आत गेला.

मी धावतच उतरलो. व्हाळाशी आल्यावर, त्यांना धीर यावा म्हणून हाक मारली, "काका, मी इलंय!"

आवाजच निघाला नाही. नुसता वारा. घसा आतून सोलल्यासारखा झाला होता, रात्रभर दशावतारात ओरडल्यावर होतो तसा. पाणी प्यायलो, ते लागलं.

वर आलो तर काका खळ्यात तयार बसलेले. धोतर बदललेलं, गाठोडं बांधलेलं, दाराला कुलूप.

मी फोन पुढे केला. रेकॉर्डिंग लावलं. काकांचे कुकारे लांबून येत होते, आणि मध्ये रातकिडे. दुसरं काही नव्हतं. पहिल्या कुकाऱ्यानंतरची शांतता संपली तसे काका हसले. दुसऱ्यानंतर मान डोलावली. तिसऱ्यानंतर त्यांचे डोळे भरले.

"आयकलंस?" म्हणाले.

मी मान हलवली, नाही म्हणून.

"आज शिवा नव्हतो. सुटलो बिचारो." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुझोच आवाज. पयल्यांदा जरा भियालेलो वाटलो, मगे बरो लागलो. चल, जावया खाली. आता माका घोर नाय. आता तू आसस थंय."

"मी हंय आसंय," मी कसंबसं घशातून काढलं. "तुमच्या पुढ्यात."

"हंय पण आसस," काका म्हणाले, आणि काठी घेऊन माझ्या पुढे चालायला लागले.

ऑपरेशन चांगलं झालं. काका आता नम्रताकडे कुडाळला असतात, दुसऱ्या मजल्यावर. रंग परत आलाय. नातवाला चिडवतात, शेजाऱ्यांशी भांडतात. नम्रता म्हणते, तिन्हीसांजेला गॅलरीत जाऊन हात तोंडाशी धरतात, हळूच काहीतरी करतात, थोडा वेळ ऐकतात आणि खुशीत आत येऊन जेवायला मागतात. म्हातारपण, दुसरं काय.

माझी वाट आता व्हाळापाशीच संपते. पाहुणे विचारतात, समोर का नाही? म्हणतो, तिकडे खाजगी बाग आहे.

घशाच्या डॉक्टरांनी आत बारीक कॅमेरा घालून बघितलं. सगळं ठीक आहे म्हणाले. फक्त ओरडणं कमी करा. मी ओरडत नाही. तिन्हीसांजेला मी तारकर्लीत असू दे, घरी असू दे, एसटीत असू दे, तोंड मिटून बसलेला असतो. तरी दिवा लागेपर्यंत घसा बसतो तो सकाळीच सुटतो.

आज मी दिवसभर मालवणात होतो. काकांशी चार दिवसांत बोलणं नाही. आताच नम्रताचा मेसेज आला:

"बाबा विचारतत, आज तुझो आवाज बसलेलो कित्या होतो? सर्दी झाली काय? फोन कधी केलंस तेंका?"

फोन केला नाही असं लिहिलं, तरी ते हसतीलच. पण आवाज गेलाय असं कळलं, तर मला बघायला उद्या पहाटे काठी घेऊन डोंगराची वाट धरतील.

टाईप केलं: "होय, जराशी सर्दी. उद्यापर्यंत बरी होयत, सांग तेंका."