उलटी गाठ

आशाचं उष्टावण झालं ते साल १९४८. संक्रांत सरली होती, तूर खळ्यात यायची होती, आणि आशाचा बाप सोनाजी घरात नव्हता. घरात तिरंगा सापडला म्हणून निजामाच्या शिपायांनी त्याला सोमवारी उचललं. कळमनुरीच्या वाटेवरल्या कापसाच्या बंद वखारीत घातलं म्हणाले.

त्या वखारीला शिपाई हवालात म्हणत. गाव कोठडी म्हणे. सोनाजीची आई सखुबाई यांतलं एकही नाव घरात काढू देत नसे. नाव घेतलं की जागा माणसाला धरून ठेवते, असं तिचं म्हणणं. म्हणून सून चतुराबाई रोज दुपारी फडक्यात भाकर बांधून नुसती ‘तिकडं’ जायची.

दाराखाली वीतभर फट होती. म्हातारा शिपाई तिथून भाकर आत सारायचा. कालचं फडकं फटीबाहेर पडलेलं असायचं. एकदा तो तिच्याकडं न बघताच म्हणाला, “लई खातो बाई तुझा मालक.”

फडक्याची गाठ सोनाजीचीच. तो डावखुरा. बैलाच्या दाव्याला मारायचा तशी उलटी गाठ, गावात दुसऱ्या कुणाला न जमणारी. गाठीत भाकरीचा एक घास. शेतातूनही तो लेकीसाठी असाच घास राखून आणायचा; तिला दात नव्हते, तरी मुठीत द्यायचा.

उष्टवायला मामा हवा, तो सरहद्दीपल्याड वाशीमला अडकलेला. सखुबाई म्हणाली, “बापाचा घास हाय. त्यानंच उष्टव तिला.” शुक्रवारी चतुराबाईनं तो दुधात कुस्करून पोरीला भरवला. घासाला सरकीचा वास होता. पोरगी हसली.

पुढच्या आठवड्यात नवा जमादार आला. चतुराबाई त्याच्या पाया पडली. एकदा तोंड तेवढं दाखवा म्हणाली. त्यानं दार उघडायला लावलं.

आत कोणी नव्हतं. जमिनीवर कापसाच्या धुळीचा बोटभर थर. त्यावर एक पाऊल उमटलेलं नव्हतं. भाकरीचा तुकडा नव्हता.

म्हातारा शिपाई जमादारापुढं आला.

“इथवर आलाच न्हाई तो, सायेब. वाटंतच मेला. आमीच वढ्याकाठी पुरला.”

“मग भाकर काहून घेत व्हता?” जमादारानं विचारलं.

“बाईला सांगायला तोंड न्हवतं. आत सारायचो. कोन घेत व्हतं ते वाकून पायलं न्हाई.”

चतुराबाईच्या हातात त्या दिवशी फटीबाहेर पडलेलं फडकं होतं. गाठ मारलेलं. ती उलटी गाठ तिला सुटली नाही.

सोनाजी वारला संक्रांतीनंतरच्या पहिल्या सोमवारी. लेकीनं त्याचा घास खाल्ला तो शुक्रवारी.