प्रिस्काची टिकटिक

चर्चमधल्या रविवारच्या प्रार्थनेत, मिस्सात, कम्युनियननंतर टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता पसरली. नेमकं तेव्हाच पुढच्या बाकावरच्या मुलानं मागे वळून पाहिलं.

"घड्याळ मस्त वाजतंय तुझं..."

"घड्याळ नाही. मी वाजतेय," प्रिस्का म्हणाली. मुद्दाम जरा मोठ्यानंच!

बाहेर तो वाटच बघत होता. स्टॅनी, सांडोरचा, घरची भाजीची वाडी. प्रिस्कानं आडपडदा ठेवला नाही.

"हृदयात चार झडपा असतात. रक्त पुढे जाऊ द्यायचं, मागे येऊ द्यायचं नाही, एवढंच त्यांचं काम. लहानपणीच्या तापात माझी एक बिघडली. आता कृत्रिम आहे. मिटताना वाजते."

"म्हणजे माघार घेणं तुझ्या रक्तातच नाही!" तो हसला. गालाला खळी पडली... आणि टिकटिक धावत सुटली.

"वेग वाढला गं?"

"उन्हामुळे!"

पुढच्या रविवारी पठ्ठ्या पालकाचा भारा घेऊन आला. प्रिस्का उखडलीच. "झडपेवर गुठळी होऊ नये म्हणून मी गोळी घेते. एकदम एवढा पालक खाल्ला तर गोळीचा जोर उतरेल. भाजी रोज थोडी हवी... आणि रोज सारखी."

स्टॅनी ओशाळला. पण दुसऱ्या दिवसापासून पाचूबंदरला तिच्या घराच्या फाटकावर सकाळी एक छोटीशी जुडी दिसू लागली. चार महिने एकही खाडा नाही.

मग तो आपल्या आईला, रोझलीनला, घेऊन मागणी घालायला आला. प्रिस्काच्या मम्मीनं, सँड्रानं, आधीच पंखा पाचवर आणि टीव्ही मोठ्यानं लावून ठेवला होता.

"आधी ठरू दे गं बाय, मग सांगू," ती लेकीच्या कानात पुटपुटली. आधीची दोन स्थळं त्या टिकटिकीपायीच परत गेली होती. हे तिसरंही जाईल अशी प्रिस्काला भीती होती. तरी तिनं उठून टीव्ही बंद केला, मग पंखा.

टिक... टिक... टिक...

"आंटी, हा माझा आवाज. ऑपरेशन झालंय, गोळी जन्मभराची आहे. मुलांचं डॉक्टरांना विचारूनच ठरवावं लागेल. नाहीच झाली, तरी मी काही अर्धी बाई नाही. लपवून मी कोणाच्या घरात येणार नाही."

रोझलीनचा चेहरा उतरला. ती उठली. "चल स्टॅनी."

स्टॅनी जागचा हलला नाही. सँड्राचा हात पंख्याच्या बटणाकडे गेला, तसा तो म्हणाला, "राहू द्या आंटी. मला हाच आवाज ऐकत म्हातारं व्हायचंय."

रोझलीन एक चप्पल पायात घालून दारातच थबकली. टिकटिक धावत सुटली होती, साऱ्या घराला ऐकू येत होती.

"वेग वाढला," स्टॅनी हळूच म्हणाला. "आणि इथे तर ऊनही नाही..."

"ऊन कुठलं! तुझ्यामुळे वाढलाय," प्रिस्का दोन्ही आयांसमोर ठणकावून म्हणाली. "पहिल्या दिवसापासून!"