रविवारची फाइल

ही गोष्ट खरी आहे. पटत नसेल तर पॅसिफिकमधल्या टोंगाला जाऊन सालेसीला विचारा. तो बोलणार नाही. मान मात्र खाली घालेल.

गेल्या मे महिन्यातला रविवार. दुपारचे पावणेबारा.

टोंगात रविवारी काम करणं म्हणजे पाप. सगळं गाव चर्चमध्ये होतं. त्यामुळेच इंटरनेट सुसाट पळत होतं, आणि सालेसी संग्रहालयाच्या खोलीत पडदे ओढून चोरून कामाला बसला होता.

कालोलाइने नावाच्या आजींनी सांगितलेल्या दोनशे बारा गोष्टी क्लाऊडवर होत्या. सगळ्या त्यानेच रेकॉर्ड केलेल्या. जुनी डिस्क खाऱ्या हवेने गंजून गेली, म्हणून त्या नव्या डिस्कवर उतरवायच्या होत्या. शुक्रवारी आजींना जाऊन वर्ष होणार होतं. घरच्यांनी त्यांचा आवाज ऐकायचा आणि मग त्यांच्या मुलीने, लुपेने, सुतकाचे काळे कपडे उतरवायचे असं ठरलं होतं.

लुपेच संग्रहालय बघायची. तिने त्याला दहादा बजावलं होतं, "सिंकचा, दोन जागा सारख्या करायचा हुकूम आंधळा असतो रे. आधी कुठून ते लिहायचं, मग कुठे. पहिल्या ठिकाणी जे नाही, ते दुसरीकडचंही पुसतो. आधी लटकं चालवून बघ, मगच खरं."

चर्चची घंटा झाली. लोक बाहेर पडणार होते.

"कुणाला कळतंय," सालेसी पुटपुटला आणि थेट एंटर मारलं.

नावं उलटी पडली होती...

रिकामी डिस्क आधी. भरलेला क्लाऊड नंतर.

काळ्या पडद्यावर ओळी धावल्या आणि थांबल्या. क्लाऊड रिकामा झाला. जुन्या प्रती राखायची सोय कुणी घेतलीच नव्हती.

थोड्या वेळाने लुपे त्याच्या घरी आली. अंगावर काळे कपडे, कमरेला तिथल्या रीतीने गुंडाळलेली सुतकाची मोठी चटई, हातात भट्टीतलं गरम लू, म्हणजे अळूच्या पानात शिजवलेलं मांस.

"ताई, क्लाऊडवाल्यांनी गोष्टी घालवल्या," तो म्हणाला.

ती खालीच बसली. मग त्याचाच हात धरला.

"तू कशाला रडतोस? तू थोडंच पुसलंस? खाऊन घे."

चोराच्या मनात चांदणं. लू त्याने तसंच झाकून ठेवलं. जमिनीने पोटात घ्यावं असं झालं.

संध्याकाळी वेड्या आशेने त्याने हुकूम पुन्हा चालवला. या वेळी सरळ.

एक फाइल उतरली...

तारीख आजची. पावणेबाराची. एक्केचाळीस मिनिटांची.

त्याने कानाला हेडफोन लावले. खाकरण्याचा आवाज आला. गोष्टीआधी आजी खाकरायच्या, तसाच.

"तुलोऊ." म्हणजे, माफ करा. मोठ्यांपुढे तोंड उघडण्याआधी त्या नेहमी हेच म्हणत.

मग...

"सालेसी, आज तू सांग."

पुढे शांतता. कुणीतरी वाट बघत श्वास घेत होतं.

त्याने फाइल दोन्हीकडून पुसली. दोनदा तपासलं.

शुक्रवारी दुपारी सगळे चटईवर बसले होते. "काही उरलंय का बघू," म्हणत लुपेने डिस्क जोडली.

फाइल परत आली होती.

"तुलोऊ."

"आई," लुपे म्हणाली. इतक्या दिवसांनी ती हसली.

"सालेसी, आज तू सांग."

सगळे वळले. श्वास ऐकू येत होता. लुपेने हळूच विचारलं, "काय सांगायचं होतं रे तुला?"

आत्ता. आत्ताच बोलायला हवं होतं.

"काही नाही, ताई," तो म्हणाला. "जुनं असेल कधीचं तरी."

कुणी उठलं नाही. एक्केचाळिसाव्या मिनिटाला फाइलच्या आत चटई सरकल्याचा आवाज आला. म्हातारी पावलं उठली... आणि खोलीचं खरं दार करकरलं. बाहेर कुणी नव्हतं.

फाइल गेली होती.

"आई रागावून का गेली?" लुपेने विचारलं.

सालेसी अजून दर रविवारी, घंटेच्या वेळी, हुकूम चालवतो. सांगायचं ते पाठ करून बसतो. काही उतरत नाही.

लुपेही समोरच राहते. जाऊन सांगता येईल. अजून सांगितलेलं नाही.

तिने काळे कपडे उतरवलेले नाहीत. आई पुन्हा बोलेल म्हणून थांबली आहे.