सुंद्रीची पत्ती

खोटं वाटलं तर वाटू द्या. मी स्वतः त्या मांडवात बसलो होतो. ही ऐकीव गोष्ट नाही.

लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता आणि त्या वर्षी पावसानं तोंडच दाखवलं नाही. आम्ही मुखेडचे. थोरला भाऊ केरबादादा सनई वाजवायचा. मी शेजारी बसून दुसऱ्या सनईवर एकच सूर धरून ठेवायचो.

धुळीनं दादाचा दम गेला. चार पावलं चालला की छाती घरघरायची. सनई फुंकली की डोळ्यांपुढं अंधारी यायची. वाजवणं सुटलं असतं तर दादा खाटेवरून उठला नसता, एवढं मला कळत होतं.

म्हणून आम्ही जुन्या सामानाची दुकानं पालथी घालत होतो. दादाला सुंद्री हवी होती. सनईसारखीच, पण लहान, जेमतेम वीतभर लांबीची आणि कमी दमात वाजणारी.

लातूरला गंजगोलाईमागच्या बोळात जिलानीचाचांचं दुकान होतं. समया, पराती, बंद पडलेली घड्याळं... दुष्काळात लोकांनी घरातून काढून दिलेलं सगळं तिथं पडलं होतं. त्या ढिगाखाली ती सापडली. काळं शिसवी लाकूड, वर चांदीचं कडं.

दादा फार दिवसांनी हसला.

तिच्या तोंडाला जुनी पत्ती तशीच बसवलेली होती. हीच पत्ती ओठांत धरून फुंकायची असते. मी सहज बोट लावलं...

ओली होती.

"चाचा, आत्ताच कुणी वाजवली का?"

"कोण वाजवंल? माझ्या तोंडात दात न्हाई राहिला एक बी," चाचा म्हणाले. "पत्ती तेवढी बदला भाऊ. दुसऱ्याची हाय."

आम्हाला हे सांगायची गरज नव्हती. दुसऱ्याची पत्ती तोंडात धरायची नाही, हे आमच्यात पोराला आधी शिकवतात. सनई नंतर. का धरायची नाही, ते मात्र कुणी सांगत नाही.

दादानं ती काढून पिशवीत टाकली.

पुढच्याच आठवड्यात शिरूर अनंतपाळला लग्न होतं. भरदुपारचा मुहूर्त. टँकर आलाच नव्हता. माठात होतं ते वऱ्हाडालाच पुरेना, वाजंत्र्याला कोण विचारतो?

नवी पत्ती भिजवल्याशिवाय बोलत नाही. दादानं ती तोंडात घोळवली. पण तोंडाला कोरड पडलेली, थुंकीसुद्धा सुटेना. फुंकली आणि होती ती एकुलती नवी पत्ती तडकली.

नवरदेव मांडवाच्या तोंडाशी आला. सगळे आमच्याकडं बघायला लागले.

दादानं पिशवीत हात घातला.

"दादा, नगं. ती नगं."

"मंग काय करू? गप बसू?"

इतके दिवस पिशवीत पडलेली ती पत्ती...

अजून ओलीच होती.

दादा वाजवायला लागला. असं वाजवणं मी कधी ऐकलं नव्हतं. लोक उठून जवळ आले. एका म्हातारीनं डोळ्याला पदर लावला.

मी त्याच्या नाकाकडं बघत होतो. आम्ही गाल फुगवून ठेवतो आणि नाकानं हळूच श्वास घेतो. मला ते लगेच दिसतं.

दादाचं नाक हलत नव्हतं.

पोटही हलत नव्हतं.

मंगलाष्टका झाल्या. अक्षता पडल्या. दादानं अजून श्वास घेतला नव्हता... त्यानं माझ्याकडं बघितलं. डोळ्यांत पाणी होतं.

मी सुंद्री त्याच्या तोंडातून ओढून काढली.

सूर लगेच थांबला नाही.

थांबला तेव्हा मी बघितलं. सुंद्रीला पत्ती नव्हती. दादाच्या तोंडात बोट घालून बघितलं. तिथंही नव्हती.

त्या दिवसापासून दादाचा दमा गेला तो गेलाच. छाती घरघरत नाही. दादा पहिल्यापेक्षा चांगला वाजवतो. गावात सगळे खूश आहेत. मला मात्र चैन पडेना.

मध्यंतरी त्याला मी नांदेडला डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरांनी छातीला नळी लावली. बराच वेळ ऐकलं. मग स्वतःच्या कानातली नळी काढून माझ्या कानाला लावली.

दादा श्वास सोडत होता.

आणि त्याच वेळी आत... कुणीतरी घेत होतं.

मी नळी परत दिली. दादानं विचारलं, "काय म्हणले?"

"बरा हाईस," मी म्हणालो.