ताई खुर्चीतून उठली की…

"ही घटना शंभर टक्के खरी आहे" असं सुरुवातीला लिहायची पद्धत आहे. मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो. मला खोटं सांगायचं असेल तर भुताची गरज पडत नाही, एक तक्ता पुरतो.

शिवाय भुताच्या गोष्टीला जे लागतं ते माझ्याकडे नाही. रात्र नव्हती. रविवार होता, सकाळचे साडेअकरा. तिसऱ्या मजल्यावरची खोली, खिडकीतून लख्ख उजेड, खाली वाहता रस्ता, समोर चष्म्याचं दुकान.

आणि खोलीत माझी मामेबहीण. आम्ही सगळे तिला ताई म्हणतो.

ताई यंत्रांच्या माहितीपुस्तिकांचं भाषांतर करते. पंप, मिक्सर, लिफ्ट. घरी सासऱ्यांचा टीव्ही दिवसभर चालू असतो, म्हणून तिने कामापुरती ही खोली भाड्याने घेतली होती. खोलीत आधीच्या कुणाचा तरी कॉम्प्युटर तसाच राहिलेला. त्यावर लिनक्स. आमच्या घराण्यात लिनक्स वापरणारा मी एकटाच, त्यामुळे सगळ्यांच्या मशीनचा फुकटचा डॉक्टरही मीच.

फोनवर ती म्हणाली होती, "बंद पडतं रे सारखं."

"कधी पडतं?"

"मी उठले की."

मी हसलो. "मग उठू नकोस!"

"अकरा दिवस तेच करतेय," ताई म्हणाली.

गेलो तर ती खुर्चीत बसलेली. दोन आठवड्यांपूर्वी भेटली तेव्हा तिचे केस काळे होते. आता भांगापासून बोटभर पांढरे.

"घरी काय सांगितलंस?"

"काम अंगावर आलंय, इथेच झोपते. लेक रोज फोनवर विचारते, आई, आज तरी येणार का." तिने मान फिरवली. "तू आधी मशीन बघ."

मी बघितलं. तापमान ठीक. डिस्क ठीक. मशीन काय काय करतं त्याच्या नोंदी काढल्या. प्रत्येक वेळी शेवटची नोंद अगदी साधी, आणि मग काहीच नाही. जणू वाक्य बोलता बोलता कुणी थांबलंय.

"बंद करू," मी म्हणालो. "रॅम काढून बघतो."

"नाही!" ती एवढ्या जोरात ओरडली, की मी स्क्रूड्रायव्हर खिशात घातला.

मग मला खुर्चीचा संशय आला. हसू नका. काही खुर्च्यांवरून उठलं की स्थिर विजेचा झटका बसून स्क्रीन जातो. कोपऱ्यात एक लाकडी स्टूल होतं, ते उचलून मी तिच्याजवळ आणलं.

"उठ, यावर बस."

"उठले होते," ताई म्हणाली.

मी पापणीही लववली नव्हती. ती खुर्चीतच होती. पण तिला धाप लागली होती. तिच्या चपला मघाशी दाराशी होत्या… आता पायात होत्या. टेबलावरची भरलेली बाटली रिकामी होती. मशीन सुरू होऊन जेमतेम एक मिनिट झाल्याचं स्क्रीनवर दिसत होतं.

आणि माझे दोन्ही हात स्टूल धरल्यासारखे पुढे होते…

स्टूल नव्हतं.

ते भिंतीशी होतं.

"जड दिसत होतं," ताई म्हणाली. "म्हणून काढून घेतलं."

शहाण्या माणसाने इथे पळ काढला असता. पण लिनक्सवाल्याला दोष सापडेपर्यंत भीती वाटत नाही, फक्त अपमान वाटतो. मदतीच्या कुठल्याही पानावर सापडेल असा एकच सल्ला उरला होता: नवीन युजर करून बघा. दोष मशीनचा की त्या माणसाच्या सेटिंगचा, ते लगेच कळतं.

मी तिच्याशेजारी स्टूलवर बसलो, माझ्या नावाचं खातं काढलं आणि लॉगिन केलं.

"आता उठ."

ताई उठली. मशीन चालू. पंखा फिरतोय, खाली हॉर्न वाजतायत. ती दारापर्यंत गेली. परत आली. मग भिंतीला हात टेकून रडायला लागली.

"दोष तुझ्या सेटिंगमध्ये होता," मी ऐटीत म्हणालो आणि स्टूलवरून बसल्या बसल्याच तिच्या खुर्चीत सरकलो.

"लेकीला बघून येते. अर्ध्या तासात. तू उठू नकोस हं."

"का?"

ती जिन्यावर पोचलीसुद्धा.

मी पाच मिनिटं बसलो. मग पाठ आखडली म्हणून उठलो.

स्क्रीनवरचा बाण थांबला.

पंखा थांबला. हळू होत होत नाही… एकदम. पाती सुटी सुटी दिसायला लागली.

आणि रस्त्याचा आवाज गेला.

मी खिडकीशी गेलो. वळणावर एक स्कूटरवाला पार कलला होता, पडत नव्हता. चष्मेवाला काच पुसता पुसता हात वर करून उभा होता. एक कबूतर हवेत होतं. उडत नव्हतं. नुसतं होतं.

मी जिन्याकडे धावलो. खालच्या वळणावर ताई होती. एवढ्या वेळात एकच मजला. बहुधा डोळे पुसायला थांबली असावी. हात कठड्यावर, एक पाय उचललेला, तोंडावर हसू.

"ताई!"

काही नाही.

मग खालून आवाज आला…

चप्पल. सावकाश. एक पायरी. थांबली. दुसरी पायरी.

त्या एवढ्या मोठ्या शांततेत कुणीतरी वर येत होतं. त्याच्या मागे आणखी कुणीतरी.

कठड्यावर, ताईच्या हाताच्या वीतभर खाली… एक हात येऊन टेकला.

मी उरलेलं पाहिलं नाही. खोलीत आलो, खुर्चीत बसलो, मशीनचं बटण दाबलं. लिनक्स झटपट सुरू होतं, असं मी वीस वर्षं लोकांना सांगत आलोय. त्या दिवशी ते किती वेळ घेतं ते मला कळलं. पासवर्ड दोनदा चुकला. तिसऱ्यांदा लागला आणि डोक्यावर पंखा फिरला. खाली हॉर्न. जिन्यात ताईच्या चपला, खाली खाली जाणाऱ्या.

मी आजवर कुणी कुणी लॉगिन केलं त्याची यादी काढली. ताईचं नाव त्रेचाळीस वेळा, प्रत्येकापुढे एकच शेरा: क्रॅश. तिच्या आधी तीन अनोळखी नावं. बाहेर पडल्याची वेळ असते त्या जागी, तिघांपुढेही लिहिलं होतं: गेला, लॉगआउट नाही.

मशीन रीतसर बंद करण्याचा हुकूम दिला. उत्तर आलं: तीन जणांचं काम संपायची वाट पाहत आहे. मुदत, अमर्याद. पुढे सेकंद मोजले जात होते. मी हुकूम मागे घेतला.

ताई पस्तीस मिनिटांनी परत आली.

"मला वाटलं नव्हतं तू येशील," मी म्हणालो.

"मलाही," ताई म्हणाली आणि स्टूलवर बसली. "उठलास?"

मी मान डोलावली.

"ते कधी कधी आपलं आपण सुरू होतं. एकदा मी जिन्यात होते आणि पंख्याचा आवाज आला. जेमतेम पोचले. सुरू होताना जो खुर्चीत नसतो ना, तो तिकडेच राहतो बहुतेक. थांबलेल्यात."

"पहिल्यांदा तू किती वेळ होतीस तिकडे?"

ताईने केसांवरून हात फिरवला. "घड्याळ बंद होतं रे."

या गोष्टीला आता दीड वर्ष झालं. आम्ही पाळ्या लावल्यात. सकाळी ती, कॉलेज सुटल्यावर मी, झोप आलटून पालटून खुर्चीतच. एकाने लॉगिन केलं की दुसरा मोकळा. बायको म्हणते, एवढा वेळ कॉलेजला दिला असतास तर प्राचार्य झाला असतास. तिसरं माणूस आणायचा विचार दोघांच्याही मनात येतो. बोलत कुणीच नाही. ताईच्या लेकीला हल्ली कॉम्प्युटर शिकायचाय. ताई खोलीची किल्ली गळ्यात घालून झोपते.

एवढंच असतं तर मी लिहिलं नसतं. माणूस पाळीला सरावतो.

पण गेल्या मंगळवारी मी फळ्यावर सूत्र लिहीत होतो. निम्मं झालं आणि खडू लागेना. पाहिलं तर उजवा हात रिकामा. खडू डाव्या हातात होता, आणि त्यावर माझी बोटं कुणीतरी एकेक करून मिटून ठेवली होती…

पोरं हसली. सरांचं वय झालं.

बाहेर येऊन फोन लावला. "ताई, आत्ता उठली होतीस?"

"पाणी सांडलं की-बोर्डाशी. फडकं घेतलं नुसतं. अर्धं मिनिटसुद्धा नाही."

"इकडे आली नव्हतीस ना?"

"वेडा आहेस का? उठले तरी मी दाराबाहेर जातच नाही. काय झालं?"

"काही नाही. बसून राहा."

ती खोली कॉलेजपासून नऊ किलोमीटर आहे. अर्ध्या मिनिटात कुणी तिथून चालत येऊ शकत नाही. म्हणजे जो कुणी होता, तो आधीपासूनच वर्गात होता.

तेव्हापासून हजेरी घेताना मी मान वर करत नाही.